पहिलं बिल कधी पाठवायचं?

इथे बहुतेक सगळे डेव्हलपर आहेत, त्यामुळे कोड कसा लिहायचा यावर मी काही बोलणार नाहीये, ते तुम्हाला येतं. मला बोलायचंय पहिल्या बिलाबद्दल. गुंतवणूकदाराचा पैसा न घेता सॉफ्टवेअरचा धंदा उभा करायचा म्हटलं की तो चालतो गिऱ्हाइकाच्या पैशावर, आणि आपण लोक नेमके त्याच्याकडेच पैसे मागायला सगळ्यात उशिरा जातो.

माझंच सांगतो. पहिलं प्रॉडक्ट केलं तेव्हा सात महिने मी कुणाला काही दाखवलंच नाही. लॉगिन, पासवर्ड रीसेट, तीन प्रकारचे युजर, डार्क मोड, सगळं झालं आणि मग दाखवलं तर लोक म्हणाले छान आहे. वाईट म्हणाले असते तर निदान काही कळलं तरी असतं. घेतलं कुणीच नाही.

दुसऱ्या वेळी आधी पाच-सहा जणांकडे गेलो आणि ते काम करत असताना शेजारी बसून नुसतं बघितलं. त्यातला एक माणूस रोज संध्याकाळी तीन फाइलींमधले आकडे हाताने एका एक्सेल शीटमध्ये चिकटवत बसायचा, तास-दीड तास, आणि एक आकडा चुकला की परत पहिल्यापासून. मी म्हटलं हे मी करून देतो, महिन्याला इतके पैसे पडतील. त्याने फीचर विचारले नाहीत, कधीपासून मिळेल एवढंच विचारलं. पहिले काही आठवडे तर तो मला फाइली मेल करायचा, मी माझ्या लॅपटॉपवर स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, चालवून शीट परत पाठवायचो, लॉगिन वगैरे काही नव्हतंच. तरी पैसे पहिल्या महिन्यापासून आले.

म्हणून लोकांना "तुम्ही हे वापराल का" असं विचारू नका, भिडेखातर सगळे हो म्हणतात. मागच्या वेळी हे काम कधी केलंत, किती वेळ गेला, यावर आत्तापर्यंत काही पैसे घातलेत का, हे विचारा. झालेल्या गोष्टीबद्दल माणूस बरंचसं खरं बोलतो.

किंमत आपण जवळपास नेहमीच कमी लावतो, कारण आपल्याला वाटतं हे तर मी दोन आठवड्यात केलंय. गिऱ्हाइकाला तुमच्या दोन आठवड्यांशी देणंघेणं नाही, त्याचा रोजचा तास वाचतोय. साधा हिशोब बघा, आधीच्या किमतीला 100 नवीन गिऱ्हाइकं आली असती, किंमत दुप्पट केली आणि त्यातली 30 आलीच नाहीत तरी उत्पन्न 1.4 पट होतं, आणि सपोर्ट फक्त 70 जणांना द्यायचा. एकट्या माणसाला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. फक्त जुन्यांना जुनीच किंमत राहू द्या, त्यांनी तुमच्यावर सगळ्यात आधी विश्वास टाकलाय.

आता चर्न, म्हणजे दर महिन्याला सोडून जाणारी गिऱ्हाइकं. इथे जरा थांबतो कारण चांगले चांगले धंदे इथेच अडकलेले मी बघितलेत. महिन्याला 5 टक्के गळती ऐकायला किरकोळ वाटते, पण 100 ला 0.95 ने ओळीने 12 वेळा गुणा, उरतात साधारण 54 टक्के. म्हणजे वर्षभरात जवळपास निम्मे गेले. आणि दर महिन्याला 10 नवीन येतायत आणि 5 टक्के जातायत असं असेल तर तुमचा आकडा 200 च्या आसपास येऊन थांबणार, कारण 200 चे 5 टक्के म्हणजे 10, जेवढे आले तेवढेच गेले. तेव्हा आपल्याला वाटतं मार्केटिंग कमी पडतंय आणि आपण जाहिरातीवर पैसे ओततो. गळती 5 वरून अडीचवर आणली तर तेवढ्याच नवीन गिऱ्हाइकांत मर्यादा 400 होते. त्यामुळे सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला स्वतः मेल लिहा, टेम्प्लेट नको, का सोडताय एवढंच विचारा. यातले काही जण तर सोडून गेलेलेच नसतात, त्यांचं कार्ड एक्स्पायर झालेलं असतं आणि पेमेंट फेल गेलेलं असतं, त्यांना वेळेवर आठवण पाठवली की परत येतात. हे काम एका दिवसाचं आहे, कुठल्याही नवीन फीचरच्या आधी करा.

बाकीचं भराभर सांगतो. कार्ड नंबर स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवू नका, पेमेंट गेटवे, म्हणजे कार्डाचे पैसे घेऊन देणाऱ्या सेवा, त्यासाठीच असतात. बाहेरच्या देशांत विकत असाल तर प्रत्येक देशाचा कर वेगळा, तो भरण्याची जबाबदारी घेणाऱ्या सेवा मिळतात, थोडं कमिशन जातं पण सुरुवातीला परवडतं. टेक्नॉलॉजी तीच घ्या जी तुम्हाला झोपेत येते. बॅकअप नुसता घेऊ नका, त्यातून डेटा परत आणून बघा. आणि नोकरी चालू असेल तर आज घरी गेल्यावर करारपत्र काढून वाचा, नोकरीत असताना लिहिलेला कोड कुणाचा हे त्यात लिहिलेलं असू शकतं.

नोकरी कधी सोडायची हे सगळेच विचारतात. मेलचिंप, म्हणजे धंद्यांना गिऱ्हाइकांना ईमेल पाठवायला लागणारं सॉफ्टवेअर, 2001 मध्ये एका वेब डिझाइन एजन्सीचं जोडकाम म्हणून सुरू झालं, एजन्सीचं काम बाजूला ठेवून पूर्ण वेळ त्याच्यावर यायला 2007 उजाडलं, आणि बाहेरची गुंतवणूक न घेता चाललेली ही कंपनी 2021 मध्ये इंट्युइट या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीने साधारण 12 अब्ज डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. तो शेवटचा आकडा सोडा, मधली सहा वर्षं बघा. मी स्वतः घरखर्च सलग सहा महिने प्रॉडक्टमधून निघाला तेव्हाच राजीनामा दिला, आणि त्या सहा महिन्यांतही वर्षाचे आगाऊ आलेले पैसे मी धरले नव्हते, कारण ती सेवा अजून द्यायची होती.