बंदरात अडकलेली रात्र

नमस्कार, श्रोतेहो.

बंदरात तीन नंबरचा बावटा चढला की होडी बाहेर काढायची नाही, हे किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. पण दहाबारा मजली क्रूझ बोटही वाऱ्यापुढे बंदरात थांबते, याचे अनेकांना नवल वाटते. याला कारण तिची उंचीच होय. पाण्यावर दिसणारी तिची बाजू प्रचंड शिडासारखी वारा अडवते, आणि वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. पुन्हा सांगतो, वारा दुप्पट, तर रेटा चौपट. शिवाय बोटीला बाहेरपर्यंत वाट दाखवून देणाऱ्या पायलटला काम संपल्यावर दोरीच्या शिडीवरून, खाली उसळणाऱ्या लहानशा बोटीत उतरावे लागते, ते वादळात कसे जमावे?

मी केबिन स्टुअर्ड असताना एका जानेवारीत आमची बोट इंग्लंडमधील साउदॅम्प्टनला अशीच रात्रभर अडकली. बोट धक्क्याला असताना तिच्यावरील दुकाने आणि कॅसिनो बंद ठेवावे लागतात. त्यामुळे करमणुकीला मुकलेले प्रवासी जेवणघरात ठाण मांडून बसले आणि आमचे काम दुप्पट झाले.

माझ्या मजल्यावर एक इंग्रज आजीबाई होत्या. त्यांचा हा पहिलाच सागरप्रवास होता. वाटेत फ्रान्स आणि स्पेनलगतचा, खवळण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेला बिस्केचा उपसागर होता. तिथे बोट लागेल या धास्तीने त्यांनी दुपारी चारलाच गोळी घेतली आणि बिनखिडकीच्या खोलीत त्या गाढ झोपल्या. बोट सुटणार नसल्याची कप्तानाची घोषणा त्यांच्या कानी पडलीच नाही. सकाळी दार उघडून त्या प्रसन्न चेहऱ्याने मला म्हणाल्या, "लोक उगाच बिस्केच्या उपसागराला घाबरतात. मला तर पाळण्यात झोपल्यासारखे वाटले." त्यांचा आनंद मोडणे माझ्या जिवावर आले, म्हणून मी चादर बदलत राहिलो. पंधरा मिनिटांनी त्या डेकवरून परत आल्या. समोर धक्क्यावर, निर्यातीसाठी रांगेने उभ्या असलेल्या नव्या मोटारी त्यांनी पाहिल्या होत्या. क्षणभर थांबून त्यांनी गंभीरपणे विचारले, "ही गोळी धक्क्यावर इतकी लागू पडते, तर समुद्रात किती पडेल?"

दुपारी वारा उतरला आणि आम्ही निघालो. गेलेला वेळ भरून काढण्यासाठी कप्तानाने पहिले बंदर गाळले. खरा बिस्के लागला, तेव्हा आजीबाई दोन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. बोट लागलेल्यांना देतात तशी हिरवी सफरचंदे आणि कोरडी बिस्किटे मी त्यांना पोहोचवत होतो. तिसऱ्या दिवशी दार किलकिले झाले आणि आतून क्षीण आवाज आला, "बाहेर मोटारी दिसतात का हो?"