मालदांडीच्या मुलखातली मंडळी

सोलापूर जिल्हा म्हटलं की पंढरीची वारी आठवते, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आठवते. याच जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती मंडळ्याही, म्हणजे एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती समाज, पिढ्यानपिढ्या नांदत आल्या आहेत. त्यांचा इतिहास बहुतेकदा मिशनऱ्यांच्या नावाने सांगितला जातो. आम्हाला तो गावातल्या माणसांचा म्हणून सांगायचा आहे.

१८६० च्या सुमारास सोलापूरला आगगाडी आली. त्याच दशकात अहमदनगरकडून अमेरिकन मराठी मिशनचं काम इथवर पोहोचलं. साहेब राहायचे शहरातल्या बंगल्यात. गावात राहायचा तो मास्तर. आठवडाभर महारवाड्या-मांगवाड्यातल्या पोरांकडून पाटीवर बाराखडी गिरवून घ्यायची आणि रविवारी त्याच खोलीत उपासना चालवायची, हे त्याचं काम. ज्यांना गावच्या विहिरीला शिवू देत नव्हते, त्यांची मुलं इथं पवित्र शास्त्र उघडून वाचू लागली.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळला. ‘धान्यासाठी बाटले’ हा टोमणा या घरांनी पुढे किती ऐकला! पाऊसपाणी सुधारल्यावरही ही माणसं दर रविवारी का येत राहिली, हे मात्र टोमणा मारणाऱ्यांनी कधी विचारलं नाही.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तुकोबांच्या वळणाची ख्रिस्ती भजनं रचली. टाळ-मृदंगावर ती आजही ख्रिस्ती देवळात म्हटली जातात.

१९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल या दोन प्रॉटेस्टंट पंथांच्या मंडळ्या एक झाल्या. १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, बिशप आले. पण जुनी प्रेस्बिटेरियन शिस्त मोलाची होती: पाळक एकटा कारभार हाकत नाही, मंडळीने निवडलेले ‘वडील’, म्हणजे जाणते प्रतिनिधी, त्याच्या बरोबरीने बसतात. शेतात रोजंदारी करणारा माणूसही त्या बैठकीत बोलू शकतो. आमच्या मते या मंडळ्यांची खरी कमाई हीच.

ती बघायची तर सुगीनंतरच्या सणाला यावं. वेदीपुढे ज्वारीची पोती, कणसांच्या पेंढ्या, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की लिलाव. कोंबडी घेणारा ती पुन्हा दान करतो, पुन्हा बोली लागते. पुण्याला कामाला गेलेली पोरंही सणाला येतात आणि म्हाताऱ्यांच्या बोलीवर बोली चढवतात. जमलेल्या पैशातून यंदा छपराचे पत्रे बदलायचे आहेत.