बत्तीस बोअरचं काडतूस: कमी पैशात, पण खात्रीचं

(दृश्य: कोगनोळीचा टोलनाका, दिवेलागणीची वेळ. मालट्रकांची रांग, मागे निपाणीकडचा रस्ता.)

निपाणीचा तंबाखू, संकेश्वरची मिरची, बेळगावची सराफी. दिवसभराचा गल्ला बरोबर घेऊन अंधार पडल्यावर घरी निघणारी माणसं या पट्ट्यात कमी नाहीत. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात, त्यामुळे फौजेतून निवृत्त होऊन आलेला माणूस इथं गल्लोगल्ली भेटतो. यांतल्या थोड्या जणांकडे पिस्तुलाचं लायसन आहे. डीसी ऑफिसच्या, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीच्या, आणि पोलीस ठाण्याच्या खेपा घालून, कन्नडमधले कागद कुणाकडून तरी वाचून घेऊन मिळवलेलं.

पिस्तूल घेताना हा माणूस दहा जणांना विचारतो. कुठलं घेऊ, हातात कसं बसतं, वजन किती. काडतुसाची पाळी आली की मात्र दुकानदार काउंटरवर ठेवेल तो डबा उचलून मोकळा होतो. आम्हाला ही गोष्ट काळजीची वाटते. पिस्तूल कितीही चांगलं असलं तरी ऐन वेळी बार फुसका निघाला तर कमरेला नुसतं लोखंड उरतं.

(दृश्य: शस्त्रांच्या दुकानाचं काउंटर. लायसनचं उघडं पुस्तक.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मोबाइलवर काडतुसांबद्दलचे जे परदेशी व्हिडिओ दिसतात, त्यांतली बहुतेक चर्चा नऊ एमएमची असते. आपल्याकडे नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे. सैन्य आणि पोलीस वापरतात तो. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांच्या चौकटीत सर्वसामान्य लायसनधारकाच्या वाट्याला पिस्तूल येतं ते मुख्यतः .३२ चं, म्हणजे बोलीत बत्तीस बोअर. म्हणून त्या व्हिडिओंतला सल्ला जसाच्या तसा उचलला तर फसगत होते. तिथली पिस्तुलं वेगळी, काडतूस वेगळं, बाजारही वेगळा.

बत्तीसचं हे काडतूस जुनं आहे. जॉन ब्राउनिंग यांनी ते आखलं आणि बेल्जियमच्या एफएन कंपनीनं १८९९ साली ते बाजारात आणलं. युरोपात त्याला ७.६५ एमएम म्हणतात. गोळीचं वजन साधारण ४.६ ग्रॅम, वेग सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास. नऊ एमएमशी ताडून पाहिलं तर ताकद निम्म्याहूनही कमी. पुढची सगळी निवड या एका गोष्टीवर ठरते, म्हणून ती लक्षात असू द्या.

(क्लोज-अप: तळहातावर दोन काडतुसं, शेजारी-शेजारी.)

ही दोन्ही काडतुसं बत्तीस बोअरचीच. डावीकडचं आखूड आहे, त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा जेमतेम बाहेर आलेली. हे पिस्तुलाचं. उजवीकडचं लांब आहे, बुडाची कड चांगली रुंद. हे रिव्हॉल्व्हरचं, १८९६ सालचं. आयुध कारखान्यांचं ‘अशनी’ पिस्तूल बत्तीस बोअरचं आणि ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरही बत्तीस बोअरचं, पण दोघांचा खुराक वेगळा आहे. दुकानात ‘बत्तीसचा एक डबा द्या’ एवढ्यावर थांबू नका. ‘पिस्तुलाचं, सात पॉइंट पासष्टचं’ असं म्हणा, डबा उघडायला लावा, एक काडतूस हातात घेऊन बघा. घरात दोन्ही हत्यारं असतील तर डबे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा.

आता बूड पालथं करून बघा. मधोमध गोल टोपी दिसते, तो प्राइमर. घोड्याची सुई तिच्यावर आपटते तेव्हा आतली दारू पेटते. टोपीभोवती पितळेवर ठसा असतो. आपल्या देशी काडतुसावर बहुतेक वेळा ‘केएफ’ ही अक्षरं सापडतील. ती खडकीची खूण. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. म्हणजे आपल्याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला तयार होणारा माल. आयात काडतुसाच्या मानानं तो पुष्कळ स्वस्त पडतो, आणि सहसा मिळतोही.

मग प्रश्न येतो तो पोकळ टोकाच्या गोळीचा, म्हणजे हॉलो पॉइंटचा. काही दुकानांत आयात डबे दिसतात, किंमत ऐकून माणूस दचकतो, आणि एवढं महाग आहे म्हणजे चांगलंच असणार असंही त्याला वाटतं. त्यामागचा विचार समजून घेऊ.

हॉलो पॉइंट शरीरात शिरल्यावर फुलते, रुंद होते, त्यामुळे जखम मोठी करते आणि बहुधा आरपार जात नाही. मागं उभ्या असलेल्या निरपराध माणसाला धोका कमी. अमेरिकेत पोलीस हीच वापरतात. पण तिथंही एक धडा रक्त सांडून शिकावा लागला. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेची दोन गुन्हेगारांशी चकमक झाली. नऊ एमएमची एक फुलणारी गोळी एका गुन्हेगाराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयापर्यंत पोचण्याआधीच थांबली. तो त्यानंतरही लढत राहिला. त्या दिवशी एफबीआयचे दोन जण मारले गेले. पुढं त्यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळ्या झाडून चाचणीची पद्धत ठरवली. किमान १२ इंच, जास्तीत जास्त १८ इंच आत शिरेल ती गोळी पसंत. म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर.

या मापाला बत्तीसची हॉलो पॉइंट सहसा उतरत नाही. ताकदच कमी, त्यात फुलली की आणखी अडते. नाही फुलली तर मग साध्या गोळीत आणि तिच्यात फरक काय राहिला? जाड कपड्यानं पोकळी भरली की ती फुलतच नाही. तांब्याचं पूर्ण आवरण असलेली साधी गोल टोकाची गोळी, जिला एफएमजे म्हणतात, ती या बोअरमध्ये पुरेशी खोल जाते. म्हणून आमचं मत सरळ आहे. बत्तीसच्या पिस्तुलासाठी साधी एफएमजे घ्या. परदेशी डब्यावरचे पैसे वाचवा.

या गोळीचा एक तोटा आहे, तो लपवणार नाही. ती आरपार जाऊ शकते. बेळगावच्या गणपत गल्लीत सणाच्या आधीची गर्दी आठवा. तिथं झाडलेली गोळी समोरच्या माणसापाशी थांबेल याची हमी कुणीही देऊ शकत नाही. लाकडी दार, पातळ विटेची भिंत, यांच्या पलीकडे तुमचंच पोर झोपलेलं असू शकतं. काडतूस कुठलंही असो, समोरच्याच्या मागं काय आहे हे बघूनच हात उचलायचा.

(क्लोज-अप: पारदर्शक मॅगझिन, आत काडतुसांची चळत.)

साध्या गोळीच्या बाजूनं आणखी एक कारण आहे, आणि ते दुकानात कुणी सांगत नाही. बत्तीसच्या काडतुसाची बुडाची कड किंचित बाहेर असते हे आपण पाहिलं. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहायला हवी. ती मागं घसरली की दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. वरचं काडतूस पुढं सरकत नाही आणि पिस्तूल जाम होतं. हा जाम नुसती स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढून सुटत नाही, मॅगझिन बाहेर काढून मोकळं करावं लागतं. अडचणीच्या वेळी तेवढी उसंत कोण देणार? हॉलो पॉइंटचं काडतूस लांबीला कमी असतं, त्यामुळे मॅगझिनमध्ये पुढं-मागं हलायला जागा उरते आणि कडा अडकण्याची शक्यता वाढते. एफएमजे पूर्ण लांबीची असते, जागा भरून बसते. या पिस्तुलांची रचना मुळात तिच्याच मापानं झालेली आहे. तरीही मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस मागं टेकलंय का आणि कड पुढं आहे का, हे बोटानं चाचपून बघा.

(दृश्य: जांबोटीचा रस्ता, जुलैचा पाऊस.)

‘पावसाळ्यात आमच्याकडं भिंतीला पाणी सुटतंय, तिथं काडतुसाचं काय घेऊन बसलाय!’ खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारांचं हे म्हणणं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा पट्टा. महिनेच्या महिने हवा ओली. काडतूस आतून लगेच भिजत नाही, चांगल्या कारखान्याचा माल बराच टिकतो. पण निष्काळजीपणानं तो लवकर खराब होतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे चामड्याच्या पट्ट्यातल्या घरांत काडतुसं वर्षानुवर्षं खोचून ठेवणं. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि ओल मिळून पितळेला हिरवा कळंक चढतो. असं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या जागेत, अडकतं. दुसरी चूक तेलाची. पिस्तुलाला तेल लावायचं, काडतुसाला नाही. तेल टोपीच्या कडेनं आत झिरपलं तर दारू पेटायचीच नाही. काडतुसं कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, मूळ खोक्यासकट ठेवा, म्हणजे कुठल्या लॉटची (कारखान्यातल्या कुठल्या खेपेची) आहेत हेही कळतं.

घरात लहान मुलं असतात म्हणून बरेच जण रोज रात्री पिस्तूल रिकामं करतात. योग्यच आहे. पण सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये जातं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दरवेळी गोळीचं टोक आदळतं आणि गोळी हळूहळू पितळेत मागं दबत जाते. आतली जागा कमी झाली की झाडताना दाब वाढतो. हे ओळखायला यंत्र लागत नाही. नवं काडतूस शेजारी उभं करा. जुनं बुटकं दिसलं की ते बाद. वरचं काडतूस अधूनमधून बदलत राहा.

निवडणुका लागल्या की आणखी एक प्रसंग येतो. आचारसंहितेच्या काळात हत्यारं जमा करायला सांगितली जातात, आणि ती महिना-दोन महिन्यांनी परत मिळतात. पिस्तूल हातात आल्यावर तसंच कमरेला लावू नका. नळीतून उजेड आरपार दिसतो का बघा, मॅगझिनची स्प्रिंग बघा, काडतुसं घरी ठेवली असतील तर एकेक पुसून तपासा.

(दृश्य: रेंजवर कागदी निशाण. कानाला मफ लावलेला नेमबाज.)

आता पैशाची गोष्ट. स्वस्त काडतुसाचा खरा फायदा सरावात आहे. महागडा डबा घेणारा माणूस तो कपाटात जपून ठेवतो, एक गोळी झाडायला जीव खालीवर होतो. आणि नेमकं तेच काडतूस आपल्या पिस्तुलात चालतं की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. लायसनवर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, त्यामुळे परदेशी सल्ल्याप्रमाणे शेकड्यानं झाडून बघणं आपल्याला जमणार नाही. जमेल ते असं: जो लॉट जवळ बाळगायचा, त्यातली काडतुसं परवानगी असलेल्या रेंजवर, आपल्या प्रत्येक मॅगझिनमधून निदान दोनदा पूर्ण भरून झाडायची. एकही अडलं नाही तर त्याच लॉटमधली उरलेली काडतुसं बाळगायची. अडलं तर आधी मॅगझिन बदलून बघा, मग काडतूस.

सराव करताना चाप ओढला आणि नुसता खट आवाज आला, तर नळी निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. दारू कधी कधी उशिरा पेटते. मगच ते काढा. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी जाणवला, तर तिथंच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढची झाडली की नळी फुटेल. पिस्तूल रिकामं करून नळी तपासल्याशिवाय दुसरा बार नाही.

कुणी घरी भरलेली, कुणी ‘सीमेपलीकडून आणलेली’ काडतुसं कमी भावात देऊ करतो. त्यांना हात लावू नका. परवान्याशिवाय काडतूस बनवणं आणि विकणं हा गुन्हा आहे, आणि अशा मालात दारू किती भरली याची खात्री कुणालाच नसते. दुकानातून घेतलेल्या प्रत्येक डब्याची नोंद लायसनवर होते. काउंटर सोडण्याआधी नोंद आणि डब्यातली संख्या जुळवून घ्या.

सीमाभागातल्या माणसाला आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. शिनोळीला पोचलो की महाराष्ट्र, चोर्ला घाट उतरलो की गोवा. आपण रोज इकडून तिकडं जातो, राज्य बदललं हे लक्षातही येत नाही. पण लायसन कुठल्या क्षेत्रापुरतं आहे हे त्यावर लिहिलेलं असतं. ते बेळगाव जिल्ह्यापुरतं किंवा कर्नाटकापुरतं असेल, तर चंदगडच्या लग्नाला जाताना पिस्तूल आणि काडतुसं दोन्ही घरी कुलपात राहिली पाहिजेत. खिशात राहून गेलेलं एक काडतूससुद्धा अडचणीत आणतं. आणि लग्नात हवेत बार काढायची हौस असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ पासून पुढं दिला आहे. त्यातलं कलम ३७ प्रत्येक लायसनधारकानं वाचावं. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असेल तर हा हक्कच उरत नाही. गल्ला हिसकावून पळत सुटलेल्या माणसाच्या पाठीत गोळी घातली, तर काडतूस कुठलं होतं हे कोर्टात तुमच्या उपयोगी पडणार नाही.

(दृश्य: टेबलावर वेगळी काढलेली काळी पडलेली, बुटकी झालेली काडतुसं.)

तपासणीत बाद ठरलेली काडतुसं विहिरीत टाकू नका, चुलीत तर नाहीच नाही, आणि रानात पुरूही नका. गुरं राखणारी पोरं ती उकरून काढतात. ती डब्यात वेगळी ठेवून पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडे जमा करा, संख्या लिहून पावती घ्या आणि ती पावती लायसनच्या पुस्तकात लावून ठेवा.