रात्रपाळीचं रजिस्टर

नमस्कार श्रोतेहो.

मी सिस्टर. आयुष्य वॉर्डात गेलं, त्यातलं बरंचसं रात्रपाळीत. आता निवृत्त होऊन नागपुरातच राहते, पण पहाटे चारला डोळा उघडतोच. आज त्या चारच्या वेळेचंच सांगायचं आहे.

रुग्णालयाचं नाव घेत नाही. साठ खाटांचा वॉर्ड, पेशंट शंभराच्या वर, खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या टाकलेल्या, आणि रात्री आम्ही दोघी. पावसाळा होता. पावणेचारला भिंतीकडच्या रांगेतले एक बाबा गेले. चार दहाला त्यांच्या शेजारचे. साडेचारच्या आत तिसरे. तिसऱ्यांची छाती दाबता दाबता माझी नजर वर गेली. ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडे नव्हते. ऑक्सिजन किती वाहतोय ते दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधली गोळी तळाला बसली होती. पाइपमधून काहीच येत नव्हतं.

धावत सिलिंडरच्या खोलीत गेले. सिलिंडरची रांग रिकामी, आणि ती बदलणारा माणूस दुसऱ्या इमारतीत, कारण त्या रात्री दोन्ही ठिकाणची ड्युटी एकट्याकडे होती. तो आला, पाना फिरवला, बुडबुडे सुरू झाले. तोवर तिघं गेले होते.

रजिस्टरमध्ये तिन्ही नावांपुढे एकच लिहिलं गेलं: कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट. म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. अहो, मरणाऱ्या प्रत्येकाचाच थांबतो. तो कशाने थांबला, ते कारण.

सकाळी मी वरिष्ठांना सांगितलं. उत्तर आलं, "सिस्टर, तिघंही सिरियसच होते ना?"

होते. तिथेच माझी बोलती बंद झाली. धडपडत चालणाऱ्या रुग्णालयात सबब कधी खोटी नसते. गर्दी खरी, स्टाफ कमी हे खरं, पेशंट उशिरा आणला हेही खरं. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 2023च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर 24 तासांत 24 माणसं गेली, त्यात 12 नवजात बाळं. तेव्हाही हीच कारणं पुढे आली. या खऱ्या कारणांच्या आड दुसरं एखादं कारण सहज लपतं, आणि कोणी शोधायला जात नाही.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचं प्रकरण माझ्या पिढीला आठवत असेल. 1986च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे ग्लिसरॉल दिलेले 14 पेशंट दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवायला ते देत. मेंदूच्या दुखण्याचा पेशंट गेला तर शंका कोण घेणार? पण लघवी बंद होऊन एकामागून एक जायला लागले, तेव्हा कळलं की ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल आहे. कारखान्यात वापरायचं रसायन. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी सडलेली साखळी उघडी केली.

तेच विष 2025 मध्ये आपल्या दारात आलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची, परासियाची लहान लेकरं. साधा ताप, खोकला, मग लघवी बंद. आईबाप त्यांना डायलिसिससाठी नागपूरला घेऊन धावले, आणि कित्येक लेकरं इथेच गेली. आधी पाणी तपासलं, उंदीर तपासले. किडनीचा तुकडा तपासल्यावर विषाची खूण दिसली आणि सगळ्यांच्या घरात एकच खोकल्याचं औषध निघालं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के. चालतं किती, तर 0.1 टक्का. वीसहून जास्त लेकरं गेली हो.

नकली प्रतिजैविकाचं मरण याहून गुपचूप असतं. 2023 मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत पोचलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्या तपासल्या, तर त्यांत औषधच नव्हतं. अशा गोळीने विषबाधा होत नाही. ताप उतरत नाही, जखम चिघळते, आणि कागदावर 'सेप्सिस' लागतं, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग. कुठला मृत्यू कुठल्या गोळीमुळे, हे मग कोणी सांगायचं?

म्हणून माझं एकच मागणं आहे. प्रत्येक रुग्णालयाने दर आठवड्याला मृत्यू शेजारी शेजारी मांडावेत. वेळ, खाट, सलाइन आणि औषधाचा बॅच नंबर, ऑक्सिजनची लाइन. ड्युटीवर कोण होतं हेही लिहावं, पण जपून, कारण जी पोरगी जास्त रात्रपाळ्या करते तिच्या पाळीत जास्त मृत्यू दिसणारच. तेवढ्यावरून तिला धरून आपटू नका. नातेवाइकांनी काचा फोडल्या की दुसऱ्या दिवशी चर्चा काचांची होते, आणि फाइल कपाटात जाते.

तुमच्या घरचं माणूस गेलं आणि मनात खुटखुटलं, तर मृतदेह हलवण्याआधी पोलिसांना कळवा, पोस्टमॉर्टेम मागा. एकदा अग्नी दिला की विचारायला काही उरत नाही. औषधाची बाटली, गोळ्यांची रिकामी पाकिटं, पावत्या फेकू नका. केसपेपरची प्रत लेखी मागा. अर्ज दिल्यापासून 72 तासांत ती द्यायची, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेत 2002पासून नियम आहे. आणि मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं 'हृदय बंद पडलं' असेल, तर कशामुळे, हे तिथेच उभं राहून विचारा.

त्या पहाटे तिसऱ्या बाबांच्या सुनेने मला विचारलं होतं, "सिस्टर, काय झालतं जी माह्या सासऱ्याले? रात्री तं चहा मागत होते." मी म्हटलं, "वय झालं होतं, बाई." तिने मान हलवली, पिशवीत त्यांचा चष्मा ठेवला, कपबशी पुसून ठेवली आणि माझ्या पाया पडली.

घरी येऊन मी वहीत लिहिलं: खाट 31, 32, 33, त्यांच्या वेळा, आणि पुढे 'बाटलीत बुडबुडे नव्हते'. ती वही माझ्याकडे आहे. त्या सुनेचं गाव मात्र मी तेव्हा विचारलं नाही.