ओट्यापासून फरशीपर्यंत

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी काही ट्रेनर वगैरे नाही. बेचाळिसाव्या वर्षी मला एकही पुशअप निघत नव्हता आणि आता बारा निघतात, एवढीच माझी डिग्री.

तर काय झालं, जिममध्ये मला सांगितलं गुडघे टेकून करा, मग आपोआप जमेल. मी आपली इमानदारीत पाच महिने गुडघ्यांवर, तीस-तीस काढायचे, आणि गुडघे उचलले की धप्पकन खाली. मला वाटायचं बाईमाणसाच्या हातात तेवढा जोरच नसतो. मग एक दिवस घरातला वजनकाटा घेतला आणि त्यावर दोन्ही तळवे ठेवले, जेमतेम मावतात. माझं वजन 62 किलो. पूर्ण पुशअपच्या वरच्या पोझिशनला काटा 41 दाखवतो, गुडघे टेकले की 31. म्हणजे दहा किलोची उडी, आणि छाती खाली नेली की हातावरचा भार आणखी वाढतो. आणि त्याहून मोठी भानगड म्हणजे गुडघे टेकल्यावर पोट, मांड्या, मागचा भाग यांना निम्मी सुट्टीच मिळते, त्यामुळे पूर्ण पुशअपला हात तयार असले तरी कंबर झोपाळ्यासारखी खाली लोंबते. माझं तेच होत होतं.

मग उपाय काय, तर गुडघे नाही टेकायचे, हात उंच ठेवायचे. सगळ्यांच्या घरात ओटा असतो, अडीच-पावणेतीन फुटांचा. पाय मागे, टाचा-कंबर-डोकं एका रेषेत, आणि छाती ओट्याच्या कडेपर्यंत न्यायची. (कड कोरडी पुसून घ्या हं, ग्रॅनाइटवरून हात सटकला तर हनुवटी गेली.) इथे हातावर शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो, पण शरीर मात्र खऱ्या पुशअपसारखंच ताठ धरावं लागतं. ओटाही जड जात असेल तर भिंत आहेच, लाजू नका.

ओट्यानंतर बेस्ट म्हणजे बिल्डिंगचा जिना! एकेक पायरी सहा-सात इंचांची, म्हणजे फुकटातलं मशीनच की. पाचव्या पायरीवर हात ठेवून आठ-दहाचे तीन सेट नीट निघाले की चौथी पायरी, मग तिसरी. एक दिवसाआड करायचं, रोज नाही, स्नायू विश्रांतीत भरतो. शेजारचे काका विचारतात काही पडलंय का, शोधताय का, सांगायचं हो, ताकद.

कोपरं मात्र टी अक्षरासारखी बाजूला फाकवू नका, खांदा बोंबलतो. वरून बघितलं तर बाणाच्या टोकासारखं दिसलं पाहिजे, अंगापासून साधारण 45 अंश. मनगट दुखलं तर मुठी वळून करा.

शेवटची पायरी ते फरशी हा टप्पा सगळ्यात चिवट, मी तिथे दीड महिना अडकले. तिथे कामाला आली ती उतरती. स्नायू वर ढकलताना जेवढं वजन पेलतो त्यापेक्षा जास्त वजन खाली सोडताना पेलतो, म्हणून फरशीवर वरून सुरुवात करायची, पाच आकडे मोजत हळूहळू खाली, मग खुशाल गुडघे टेकून वर या. असे चार-पाच, बास. घाईत धपकन पडलात तर तो मोजायचा नाही.

मागच्या रांगेतले काका मघापासून हसतायत, त्यांनी तालमीत जोर मारलेले दिसतायत. काका, तुमचा जोर वेगळा, त्यात आधी मागचा भाग वर आणि मग छाती जमिनीलगत घासत पुढे. पुशअपला अंग फळीसारखं सरळच. पण खांद्याला दोन्ही चांगले.

बरं, आता या स्टेजची कड साधारण तीन फुटांवर आहे, म्हणजे आपला ओटाच. चपला काढा, पदर-ओढण्या खोचा, पहिल्या रांगेपासून सुरू करू. काका, तुम्ही मोजा.