पिस्टनच्या डोक्यावरची वाटी

(गायमुखचा चढ, कंटेनरची रांग)

न्हावाशेवाहून माल उचलून गुजरातकडे निघालेल्या गाड्या घोडबंदर रोडला लागतात आणि गायमुखच्या चढावर अशा दमतात. ड्रायव्हरने गिअर पाडला, पाय दाबला आणि हा बघा काळा लोट. हा धूर म्हणजे डिझेलच आहे, मालकाने पंपावर पैसे मोजून भरलेलं, फक्त अर्धवट जळलेलं. ते अर्धवट का राहिलं हे रस्त्यावर उभं राहून नाही कळत, त्यासाठी इंजिन उघडलेलं बघावं लागतं.

(कळंबोली, वर्कशॉप)

कळंबोलीच्या या वर्कशॉपमध्ये एका सहा सिलिंडरच्या ट्रकचं इंजिन खोललंय. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, निघालंय, पिस्टन धुऊन ओळीने मांडलेत. शॉट मुद्दाम वरून घेतलाय. पेट्रोल गाडीच्या पिस्टनचं डोकं बहुतेक वेळा सपाटच असतं, याच्या डोक्यात मात्र वाटी आहे. मधोमध उंचवटा, त्याच्या भोवती खोल गोल चर, आणि वरचा काठ किंचित आत वळलेला. मिस्त्री बोट फिरवून दाखवतायत तो काठ. डिझेल जळतं ते इथे, या वाटीत, आणि माझं म्हणणं असं आहे की धुराबद्दल एवढं बोललं जातं त्यात या वाटीचं नाव कोणी घेत नाही.

(कापलेलं इंजिन)

हे ठाण्यातल्या एका आयटीआयमधलं कट-सेक्शन, हाताने फिरवतोय म्हणून सगळं सावकाश दिसतंय. पिस्टन वर येतो, हवा १६-१७ पट दाबली जाते आणि नुसत्या दाबानेच ५०० डिग्रीच्या वर तापते, म्हणून डिझेलला स्पार्क प्लग लागत नाही. आता इथे थांबवून बघा. पिस्टन अगदी वर पोचला की त्याच्या सपाट कडा आणि हेड यांच्यात मिलिमीटरभर फट राहते, तिथली हवा पिळून निघते आणि जोरात वाटीत घुसते. त्यात इनटेक पोर्टच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेच्या, वळणामुळे हवा आधीच गोल फिरत आलेली असते, वाटीचं तोंड लहान, त्यामुळे आत गेल्यावर ती अजून वेगात फिरते, ताक घुसळताना रवी फिरावी तशी, आणि नेमक्या त्याच वेळी वरून नोझल डिझेल मारतं.

(नोझल टेस्टिंगचा बेंच)

नोझलचा फवारा बघा. टोकाला सात-आठ भोकं, एकेक भोक साधारण ०.१५ मिलिमीटरचं. नव्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून दाबाचं डिझेल मिळतं त्यात, प्रेशर २००० बारपर्यंत जातं. इंजिन २००० आरपीएमवर असेल तर पिस्टनची एक खेप १५ मिलिसेकंदांची, आणि डिझेल मारायला मिळतात जेमतेम दोन-तीन. त्याची वाफ होणं, हवेत मिसळणं, जळणं, सगळं असंच घाईत उरकायचं. ज्या कोपऱ्यात डिझेल जास्त आणि हवा कमी तिथे काजळी होते. जिथे आच फार आणि हवाही भरपूर, तिथे हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नॉक्स तयार होतो. एक कमी करायला गेलं की दुसरं वाढतं, डिझेल मारायचं टायमिंग मागे घेतलं, म्हणजे ते थोडं उशिरा मारलं, की नॉक्स उतरतो आणि धूर चढतो, इंजिनवाल्यांचं हे जुनं दुखणं आहे. दोन्ही एकदम उतरवायचं तर हवा आणि डिझेल नीट मिसळायला हवं, आणि तिथे वाटीचा आकार लागतो कामाला.

परत पिस्टनकडे येऊ. मधला उंचवटा शोभेचा नाही. नोझल बरोबर त्याच्या डोक्यावर असतं आणि फवारे सगळे बाजूला जातात, मग मधली हवा नुसती पडून राहिली असती, म्हणून तिथे धातू भरून ती हवा फवाऱ्याकडे ढकललीय. आत वळलेल्या काठावर फवारा आपटतो आणि दुभंगतो, थोडा खाली चरात, थोडा वर. पिस्टन खाली सरकायला लागला तरी हा काठ आतलं फिरणं थोडा वेळ धरून ठेवतो, आणि उरलेली काजळी जाळायला तो थोडा वेळच लागतो.

(जुनी आकृती)

वाटी इथवर येण्याची गोष्ट मोठी आहे. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्गला नीट चाललं, तेव्हा इंधन दाबलेल्या हवेच्या जोरावर आत फुंकायचे. पुढे छोट्या इंजिनांसाठी हेडमध्येच वेगळी खोली काढली. ब्रिटिश इंजिनिअर हॅरी रिकार्डोची कॉमेट चेंबर १९३१ची, हवा त्या गोल खोलीत शिरताना भोवरा धरायची. १९९८ला आलेल्या इंडिकाचं डिझेल इंजिनही अशा वेगळ्या खोलीचंच होतं. आवाज कमी, पण खोलीच्या भिंती उष्णता खायच्या, डिझेल जास्त लागायचं. मग छोट्या गाड्यांतही थेट सिलिंडरमध्ये डिझेल मारायला सुरुवात झाली आणि ती खोली उतरून पिस्टनच्या डोक्यावर आली. ट्रकवाल्यांकडे ती आधीपासून होतीच.

ही दुसरी आकृती व्होल्वोच्या ट्रकच्या पिस्टनची, वाटीच्या भिंतीला आतून लाटा काढल्यात. शेजारच्या दोन ज्वाळा भिंतीवर आपटून एकमेकींना थोपवतात, ती लाट त्यांना वळवून मध्ये पाठवते, जिथे न वापरलेली हवा शिल्लक असते. सुंदर काम आहे.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा बीएस-६ हा नियम आला, डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, आलं, नॉक्स कमी करणारा युरिया आला, ते हवंच. पण काजळी वाटीतच कमी झाली तर फिल्टर सावकाश भरतो, आणि हे डिझाइनवाल्याच्या टेबलावर ठरतं, मागच्या पाइपात नाही. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्येच सांगितलंय.

(वर्कशॉप, दोन पिस्टन शेजारी शेजारी)

आता जुन्या गाड्यांचं. हे दोन पिस्टन बघा, व्यास तोच, पिन तीच, लायनरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीत, दोन्ही बसतात, पण वाटीची खोली वेगळी. एकाच इंजिनाच्या बीएस-३ आणि बीएस-४ मॉडेलमध्ये असं असू शकतं. स्वस्त मिळाला म्हणून दुसरा टाकला तर इंजिन चालू होतं, गाडी ओढते, आणि धूर मात्र जात नाही. मग पंपवाल्याला शिव्या. पार्ट नंबर जुळवून घ्या आणि मिस्त्री करतायत तसं डेप्थ गेजने वाटी मोजून घ्या.

आणि हे तांब्याचं वॉशर, नोझलखाली बसतं. काढताना एक आतच चिकटून राहतं, वरून नवीन टाकलं की दोन झाली, नोझल तेवढं वर उचललं गेलं, फवारा काठावर पडायचा तो वरच्या फटीत घुसतो. एवढ्याशा चकतीने वाटीची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून मिस्त्री टॉर्च मारून आत बघतायत, जुनं निघालं का, आणि नवीन बरोबर त्याच जाडीचं आहे का ते मायक्रोमीटरला लावून तपासतायत.