आधी काडी, मग गॅस

(मिनेसोटातल्या मराठी मंडळींपुढे जानेवारीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेर उणे २० आहे आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी स्वेटर काढून खुर्चीला अडकवलेत. ही करामत ज्याची, तो गडी, म्हणजे गॅसवर हवा तापवून घरभर सोडणारी भट्टी, फर्नेस, आत्ता या इमारतीच्या पोटात कुठेतरी घरघरतोय. तुमच्याही घरी तो आहेच, बेसमेंटमध्ये, बहुधा भारतवारीच्या बॅगांच्या आड. आज त्याच्या आत एक फेरी मारू. गॅसबद्दल मी फार बोलणार नाही. गॅस जळतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. तो कधी जळू द्यायचा हे ठरवणारी जी वीज आहे, तिच्याबद्दल बोलायचंय.

सुरुवात भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपासून. पुष्कळांना वाटतं की तो शेगडीच्या बटणासारखा आहे, जास्त फिरवला की ज्वाला मोठी. साध्या फर्नेसमध्ये तसं काही नसतं. तो निव्वळ एक स्विच आहे. खाली फर्नेसमध्ये एक ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो. त्यातली एक तार ‘आर’ या टर्मिनलवरून वर येते, बहुधा लाल रंगाची. खोली गार झाली की थर्मोस्टॅट ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ जोडतो आणि पांढऱ्या तारेवरून २४ व्होल्ट खाली बोर्डाकडे, म्हणजे फर्नेसचा सगळा कारभार चालवणाऱ्या सर्किटकडे जातात. निरोप एवढाच, की थंडी वाजतेय. तेव्हा घाईघाईनं ६८ फॅरनहाइटचे ८० करू नका, घर लवकर तापत नाही. आणि हा निरोप्या आपल्याच गावचा बरं का. १८८५ साली मिनिआपोलिसमध्ये अल्बर्ट बट्झ यांनी कोळशाच्या भट्टीचं झडप आपोआप उघडणारं यंत्र केलं. त्यांच्या कंपनीतूनच पुढे हनीवेल उभी राहिली.

निरोप मिळाला म्हणून बोर्ड लगेच गॅस सोडत नाही. त्याचा स्वभाव तलाठ्याचा. सातबारा दाखवा, मग बोला.

पहिली शंका धुराची. जळलेला वायू घराबाहेर जाणार का? त्यासाठी इन्ड्यूसर नावाचा छोटा पंखा सुरू होतो. फर्नेस पेटण्याआधी जी बारीक घूंऽऽ ऐकू येते, ती याची. पण पंखा फिरतोय म्हणजे हवा ओढली जातेय असं थोडंच आहे? पाईप तुंबलेला असला तर? म्हणून रबरी नळी जोडलेला, पापडाएवढा गोल प्रेशर स्विच. पंख्यानं हवा खरोखर ओढली, तरच त्यातला पडदा सरकतो आणि स्विच जुळतो. मला सगळ्यात आवडते ती मात्र याच्या आधीची पायरी. पंखा सुरू करण्यापूर्वी बोर्ड बघतो, की हा स्विच आधीपासूनच जुळलेला तर नाही ना? पंखा बंद असताना ‘हवा वाहतेय’ म्हणणारा साक्षीदार फितूर. मग काम तिथेच थांबतं.

एका हिमवादळानंतर पहाटे माझ्याच घरातली फर्नेस अशी अडून बसली. इन्ड्यूसर फिरतोय, पुढे काही नाही. बोर्डावरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत होता. झाकणाच्या आतल्या तक्त्यात पाहिलं तर प्रेशर स्विच उघडा. बाहेर गेलो, तर भिंतीतून निघणारे दोन्ही पांढरे पाईप बर्फात गाडलेले. दुरुस्तीचं हत्यार म्हणजे फावडं.

हवेची खात्री पटली की पंखा थोडा वेळ नुसताच चालतो. आत राहिलेला गॅस असेल तर निघून जावा म्हणून. मग इग्नायटर तापतो. पूर्वी तिथे कायम तेवणारी ज्योत असे, आता विजेवर लालभडक होणारी कांडी असते, हजार अंशांच्या पुढे तापणारी. ती पुरती तापल्यावरच व्हॉल्व्ह उघडतो. आधी काडी, मग गॅस. आपल्या आयांनी ओट्याशी शिकवलेलाच नियम.

आता खरी गंमत. गॅस पेटला हे बोर्डाला कसं कळतं? डोळा नाही, उष्णता मोजावी तर ती यायला वेळ लागतो. उत्तर असं की ज्वालेतून वीज वाहते. ज्वालेत विद्युतभारित कण असतात. ओळीतल्या शेवटच्या बर्नरपाशी धातूची एक काडी बसवतात. शेवटच्याच का, तर ज्योत सगळ्या बर्नरवरून तिथवर पोचली पाहिजे. काडीला बोर्ड एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारं व्होल्टेज देतो. काडी बारीक, समोरचा बर्नर ऐसपैस, त्यामुळे प्रवाह एका दिशेनं सहज जातो, उलट दिशेनं फारसा नाही. म्हणजे एसीतून किंचित डीसी, एकाच दिशेचा प्रवाह, निघतो, जेमतेम काही मायक्रोअँपिअर, अँपिअरचे दशलक्षांश. यातली हुशारी बघा. काडी चुकून पत्र्याला टेकली, तर प्रवाह दोन्ही दिशांनी सारखाच जाईल, एसीच राहील. बोर्डाला तो चालत नाही. डीसी हवा, आणि तो फक्त ज्वालाच देते.

हा पुरावा काही सेकंदांत आला नाही की व्हॉल्व्ह बंद. दोन-चार प्रयत्न होतात, मग तासभर किंवा जास्तच संप. पेटते आणि पाच सेकंदांत विझते, ही तक्रार फार वेळा याच काडीची असते. तिच्यावर पांढुरका थर बसतो. वीज आणि गॅस बंद करून, काडी काढून, बारीक स्टील वूलनं हलकेच घासली की झालं.

पुढचं सोपं आहे. अर्ध्या-पाऊण मिनिटानं मोठा ब्लोअर, म्हणजे गरम हवा घरात ढकलणारा पंखा, सुरू होतो, उशीर मुद्दाम, अंगावर गार वारा येऊ नये म्हणून. फिल्टर तुंबला आणि आत उष्णता साठली, तर लिमिट स्विच गॅस तोडतो, ब्लोअर मात्र चालू राहतो. खोली तापली की ‘आर’-‘डब्ल्यू’ सुटतात, ज्वाला जाते, आणि बंबातल्या निखाऱ्यांसारखी उरलेली ऊब ब्लोअर दीड-दोन मिनिटं घरात ढकलत राहतो.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय, की वीज गेल्यावर जनरेटर लावला, फर्नेस पेटते पण टिकत नाही, असं का? उत्तर त्याच काडीत आहे. ज्वालेतून गेलेला प्रवाह फर्नेसच्या पत्र्यातून, अर्थिंगवरून न्यूट्रलकडे परततो. घराच्या मुख्य पॅनेलमध्ये ते दोन्ही जोडलेले असतात. पुष्कळ छोट्या जनरेटरमध्ये नसतात. फर्नेस थेट अशा जनरेटरवर लावली तर वाट अर्धवट राहते. ज्वाला तुम्हाला दिसतेय, पण बोर्डापुढे तुमची साक्ष चालत नाही. ती जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि जनरेटर गॅरेजमध्ये चालवू नका, दार उघडं टाकून सुद्धा नाही.